मेराबच्या नावाची ठेव

कंपाला, १४ मे २०१७

मामा,

आधी गायी कशा आहेत ते कळवा, मग माणसं. आई म्हणायची, हा क्रम चुकला तर तुझा मामा पुढचं वाचतच नाही.

तुमचं पत्र दुधाच्या टँकरच्या ड्रायव्हरने ऑफिसात आणून दिलं. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "म्हाताऱ्याने बजावलंय, हातातच द्यायचं. आणि उत्तर घेतल्याशिवाय परत यायचं नाही." मी त्याला चहा पाजला आणि दोन दिवस मागून घेतले. फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता, तेव्हा पत्रच बरं.

पत्र दोनदा वाचलं. देणगी पाठवणाऱ्या परदेशातल्या त्या चर्चने हात आखडता घेतला. आता दर वर्षी न्यासाची ठेवच थोडी थोडी मोडावी लागते आणि अशीच मोडत राहिली तर तीन वर्षांत आईच्या नावाच्या वसतिगृहाला कुलूप. अडतीस मुली. तुम्ही लिहिलंत, 'काही सुचत असेल तर सांग, नाहीतर प्रार्थना कर.' प्रार्थना करतेच आहे. पण सुचतंयही.

माझं काम काय, असं तुम्ही दर नाताळात विचारता आणि मला दर नाताळात नीट सांगता येत नाही. आज प्रयत्न करते. देशात तुमच्यासारखे पुष्कळ धर्मादाय न्यास आहेत. माणसं चांगली, पैसा चांगला. ठेव बँकेत ठेवतात, व्याजातून दान करतात. दान कुठे गेलं हे डोळ्यांत तेल घालून बघतात. पण बँकेतला तो मोठा ढीग दिवसभर काय करतो, हे कोणी विचारत नाही. बँक तो उचलून सिमेंटवाल्याला देते, नाहीतर बिअरवाल्याला. माझं काम एवढंच, की त्या न्यासांना सांगायचं, ढिगातला थोडा भाग अशा धंद्यात घाला ज्याने लोकांचं भलं होईल आणि पैसाही थोडा वाढून परत येईल. दान नव्हे आणि सावकारीही नव्हे.

असा एक धंदा तुमच्याच टेकडीपलीकडे आहे. जोविया काट्वेसिमे नावाची विधवा बाई आहे, तिच्या मागे बावन्न घरच्या बायका आहेत. दूध गोळा करणारे सायकलवाले फक्त सकाळी येतात, हे तुम्हाला मी काय सांगणार! संध्याकाळची धार घरात पिऊन, वासरांना पाजून, लोणी काढून जी उरते ती सकाळपर्यंत फाटते. या बायकांना सूर्याच्या विजेवर चालणारी, सहाशे लिटरची, दूध थंड ठेवणारी टाकी हवी आहे. बँक त्यांना दारात उभं करत नाही, कारण गायी नवऱ्यांच्या आणि दूध बायकांचं.

आईच्या नावाच्या आपल्या मेराब न्यासाने ठेवीचा तिसरा हिस्सा घातला, तर इथले आणखी दोन न्यास तेवढेच घालतील. ते म्हणतात, आधी तिथल्या माणसाने पाय टाकावा.

तुमची,
केमिरेम्बे

---

क्यारुबाले, २७ मे २०१७

चि. केमिरेम्बे,

गायी बऱ्या आहेत. तांबडी व्यायली, कालवड झाली. माणसांत माझे गुडघे सोडले तर सगळं बरं.

तुझं पत्र विश्वस्तांच्या बैठकीत वाचून दाखवलं. फेडेरेसी तुला आठवते ना, निवृत्त नर्स, तुला लहानपणी सुई टोचायची ती? ती उसळलीच. "म्हणजे आता गरीब बायकांना पैसे द्यायचे आणि वर परत मागायचे? येरेमिया, तुझ्या भाचीला कंपालाची हवा लागली!"

पाद्रीसाहेब म्हणाले, "पण परत आले तर आपल्या मुलींनाच होतील ना?"

"हा 'तर' मी पोरींच्या ताटात वाढू का?" फेडेरेसी म्हणाली.

माझं मत विचारशील तर ऐक. मी चाळीस वर्षं दूध विकलं. आधी सायकलवर, मग लॉरीवर. परत येणारे पैसे मी पाहिलेत, चांगलं काम करणारे पैसेही पाहिलेत. दोघांना एका वाटेने चालताना मात्र क्वचित पाहिलं. चार इयत्ता शिकलेला माणूस आहे, माझं चुकतही असेल.

आणि एक गोष्ट. आपल्याकडे माणूस मित्राला गाय देतो, हे तुला ठाऊक आहे. देताना परतीचं बोलत नाही. चार-पाच वर्षांनी तो मित्र एक कालवड हाकत दारात येतो, बसतो, दूध पितो आणि कालवड ठेवून जातो. हीच तुझी मधली वाट, असं तू म्हणशील. पण पोरी, दिलेली गाय मेली, तर कोणी तोंडातून शब्द काढत नाही. उलट देणारा सांत्वनाला जातो. तुझ्या कागदांत गाय मेली तर काय करायचं, ते लिहिलंय का?

तरी ये. तुझ्या ऑफिसला जे बघायचं असेल ते बघ. मी तुपाचं एशाब्वे करवून ठेवतो, कंपालात तुला खरं तूप कुठलं मिळणार!

तुझा मामा,
येरेमिया रुताबिंग्वा

---

कंपाला, ९ जुलै २०१७

मामा,

तुमच्या घरी चार दिवस खाल्लं ते अजून अंगावर आहे. वसतिगृहातल्या मुलींनी माझ्या डोक्यावरचे केस विंचरून, वेण्या घालून पाठवलं, ऑफिसात कोणी ओळखलंच नाही.

आता कामाचं, आणि ते चांगलं नाही. बावन्नही घरी गेले, फॉर्म भरले. पहिल्याच घरी म्हातारबाबा अंगणात बसलेले. विचारलं, "बाबा, दुभत्या गायी किती?"

"आहेत थोड्या. देवाची दया."

"थोड्या म्हणजे?"

"लिही तीन."

त्यांच्या मागे कुंपणात तीन गायींपेक्षा कितीतरी जास्त शिंगं दिसत होती. म्हटलं, शेजाऱ्यांच्या असतील. शेजारी गेले तर तेही म्हणाले तीन, फार तर चार. ताळा बघायला तुम्हा विश्वस्तांनाही विचारलं, तर तुम्ही स्वतः बारा सांगितल्या, त्यातल्या सात दुभत्या.

सगळी बेरीज केली तर बावन्न घरांत एकशे त्रेचाळीस दुभत्या गायी. घरचं दूध वगळलं तर संध्याकाळी टाकीत जेमतेम दोनशे लिटर पडेल. टाकी निम्मीही भरणार नाही आणि तिचा खर्चही निघणार नाही. माझे साहेब म्हणाले, न्यासाला हे सुचवणं पाप होईल. अहवाल सोबत जोडला आहे. त्यात मला 'नको' लिहावं लागलं.

पण मन मानत नाही. जोवियाच्या अंगणात सकाळी मी स्वतः पाहिलं, बायका रात्रीचं फाटलेलं दूध चरव्या भरभरून कुत्र्यांपुढे ओतत होत्या. एवढ्या थोड्या गायींचं दूध ओतण्याइतकं उरतं कसं?

तुमचं आयुष्य त्या टेकड्यांवर गेलं. दाराशी गाय उभी न करता, नुसत्या दुधाच्या वासावरून तुम्ही घर ओळखाल. म्हणून सरळ विचारते, हा आकडा तुम्हाला बरोबर वाटतो का?

केमिरेम्बे

---

क्यारुबाले, १९ जुलै २०१७

चि. केमिरेम्बे,

गायी बऱ्या आहेत. गवत सुकलं आहे, पण तळ्याला पाणी आहे.

अहवाल पोचला. किती सुबक काढला आहेस! पाद्रीसाहेब म्हणाले, असा कागद जिल्ह्याच्या कचेरीतही निघत नाही. बैठकीत वाचला. अहवालच नको म्हणतो, तेव्हा विश्वस्तांनीही नको म्हटलं. कोणाला वाईट वाटायचं कारण नाही. फेडेरेसी म्हणाली, "पोरगी खरं बोलली, मेराबची शोभते."

तू आकड्याचं विचारलंस. आकडे तुमचं शास्त्र आहे, त्यात मी म्हातारा काय बोलू?

इकडची बातमी अशी, की शेंगदाणा यंदा बरा आला. वसतिगृहाच्या मागच्या भिंतीला मुलींनीच चुना लावला. एकीचा पाय शिडीवरून घसरला, पण मुरगळण्यावर भागलं. नवीन वर्षासाठी आत्तापासून अकरा अर्ज आले आहेत. खालच्या वस्तीतल्या टोफिस्टाची मुलगी ओरिशाबा पहिलीच, ती पहाटे धारा काढून मग सहा किलोमीटर शाळेत जाते, तुझ्या आईसारखी. ठेव थोडी जास्त मोडू आणि सगळ्यांना घेऊ. पुढचं देव बघेल.

तू मनाला लावून घेऊ नकोस.

मामा

---

कंपाला, ६ ऑगस्ट २०१७

मामा,

जोविया काट्वेसिमेला मी फोन करून 'नाही' कळवलं. वाटलं, ती रडेल. ती हसली. इतकी हसली, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"बाई," ती म्हणाली, "तू खरंच घरोघरी जाऊन गायी विचारल्यास? कोणाची लेक तू?"

"मेराबची. येरेमिया रुताबिंग्वांची भाची."

ती एकदम थांबली. म्हणाली, "मग तुला मामाने नाही सांगितलं? गुरांचा आकडा ओठांवर आणला की गुरं उणी होतात. आमच्यात बाप मुलाला सांगत नाही, नवरा बायकोला सांगत नाही. कागद घेऊन आलेल्या पोरीला सांगतील? माझ्या सासऱ्याने तीन सांगितल्या ना? तीन तर नुसत्या आंधळ्या आहेत त्याच्याकडे."

मामा, मी शहरात वाढले. आई गेली तेव्हा मी सतरा वर्षांची होते, तिने शिकवायचं राहून गेलं असेल. मी चुकले, त्याचं मला काही नाही. माझ्या मूर्खपणाचा अहवाल मीच लिहिला.

पण तुम्हाला ठाऊक होतं. मी कागद घेऊन निघाले तेव्हाही, बारा सांगितल्या तेव्हाही. सरळ विचारलं तेव्हा तुम्ही मला शेंगदाण्याची बातमी दिलीत.

का, एवढंच सांगा.

केमिरेम्बे

---

कंपाला, १० सप्टेंबर २०१७

मामा,

टँकरवाला पाच वेळा येऊन गेला. प्रत्येक वेळी मी खाली उतरून विचारलं. तो मान हलवून म्हणाला, "म्हातारा बोलत नाही हल्ली. डबा देतो आणि आत जातो."

तुम्ही गप्प आहात तर मीच सांगते. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी रजा काढून जोवियाकडे आठ दिवस राहिले. तुम्हाला कळवलं नाही. बसमधून जाताना वसतिगृहाची पांढरी भिंत दिसली. उतरले नाही.

जोवियाला म्हटलं, गायी मोजायच्या नाहीत तर मग काय मोजू? तिने कपाळावर हात मारला. "दूध मोज की! दूध एकदा गायीबाहेर आलं की ते बाईचं. ते मोजायला कोणाची ना नाही."

मग रोज संध्याकाळी बायका तिच्या अंगणात चरव्या घेऊन यायच्या. घरचं, वासरांचं ठेवून उरलेलंच आणायचं, असं ठरलं होतं. मी मापाने दूध मोजायचे, परत त्यांच्या चरवीत ओतायचे आणि त्या घेऊन जायच्या. पहिल्या दिवशी नऊ जणी आल्या, त्याही बघायला, की कंपालाच्या बाईला माप धरता येतं का. आल्याआल्या मी एकीचं दूध सांडलं, तर सगळ्या म्हणाल्या, "चला, ही माणसांत आली." आठव्या दिवशी एकेचाळीस जणी होत्या.

एकेचाळीस घरांचं एका संध्याकाळचं दूध पाचशे वीस लिटर. आणि हे कोरड्या दिवसांतलं, गवत पिवळं असताना.

नवा अहवाल सोबत आहे. तुम्ही तो विश्वस्तांपुढे ठेवा किंवा चुलीत घाला. माझ्या आईच्या नावाची ठेव आहे, पण राखणदार तुम्ही आहात.

केमिरेम्बे

---

क्यारुबाले, १ ऑक्टोबर २०१७

चि. केमिरेम्बे,

गायींचं नंतर लिहितो.

तू विचारलंस, का. दोन महिने कागद समोर घेऊन बसलो आणि उठलो. सायकलवरून चाळीस लिटरचा डबा चढावर नेला आहे, पण हा एक शब्द उचलला जाईना. आता उचलतो. भीती.

तू फॉर्म घेऊन निघालीस तेव्हाच मला कळलं होतं, की चुकीचा आकडा घेऊन परत येशील. मी हाक मारून थांबवू शकलो असतो. म्हणू शकलो असतो, पोरी, असं विचारत नाहीत. दारात उभा राहिलो आणि तुला डबा बांधून दिला. मनात म्हटलं, रीतच नाही म्हणेल, मला म्हणावं लागणार नाही. माझ्या बारा गायी मी रीतीपोटी सांगितल्या, हे खरं. पण तुझ्या पत्राला जे उत्तर दिलं ते रीतीपोटी नव्हतं. रीतीच्या पाठीमागे लपून दिलं होतं.

दहा वर्षांपूर्वी आपण नदीकाठच्या बायकांना दळणाची गिरणी दान दिली होती. वर्षात बंद पडली. आज तिच्यात कोंबड्या अंडी घालतात. मला कोणी दोष दिला? उलट दर वर्षी त्या बायका चर्चमध्ये उठून आभार मानतात. दान केलेला पैसा बुडत नाही, बाळ, कारण तो गेलेलाच असतो. देणारा निवांत झोपतो. पण तू सांगतेस तो पैसा परत यायला हवा. तो आला नाही तर मला कळणार, गावाला कळणार आणि अडतीस पोरींना कळणार, की येरेमियाने आपल्या बहिणीच्या नावाची ठेव घालवली. त्यापेक्षा तीन वर्षांत हळूहळू संपली तर दोष चर्चवर जाईल, काळावर जाईल, असं माझं मन म्हणत होतं. किती हलकं मन, बघ. पोरींचं वसतिगृह बंद झालेलं चालेल, फक्त माझ्या हातून होऊ नये.

तुझा नवा अहवाल मी वाचला. नाताळाआधी बैठक बोलावतो. अहवाल वाचण्याआधी मी काय केलं ते सांगणार आहे. मग त्यांनी मला अध्यक्ष ठेवो न ठेवो.

तू पुढल्या खेपेला भिंत बघून निघून जाऊ नकोस. एवढं मी मागू शकतो की नाही, ठाऊक नाही.

मामा

---

कंपाला, १५ ऑक्टोबर २०१७

मामा,

तुमचं पत्र वाचलं, आणि रागावायचं राहूनच गेलं. कारण तुम्ही एक सांगितलंत तर मलाही एक सांगायला हवं.

आमच्या ऑफिसने असे आठ धंदे न्यासांना सुचवले आहेत. सहा नीट चालले आहेत. दोन बुडाले. एकात मधमाश्या होत्या, एकात विटा. विटांच्या धंद्यात एका शाळेच्या न्यासाचे पैसे होते. त्या शाळेने दोन शिक्षक कमी केले. मी पहिल्या पत्रात हे लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुम्ही घाबरला असतात, असं मी स्वतःला समजावलं. पण घाबरण्याजोगं होतं म्हणूनच लिहायला हवं होतं. बैठकीत हेही वाचून दाखवा.

आणि तुम्ही विचारलं होतं, गाय मेली तर काय. तेव्हा मी उत्तर टाळलं, कारण आमच्या कागदांत ते नव्हतं. आता आहे. मी साहेबांशी आठवडाभर भांडले. दुष्काळ पडला किंवा गुरांना रोग आला, तर ते वर्ष धरायचं नाही. मुदत पुढे जाईल, वर काही चढणार नाही, आणि न्यासाचा एक माणूस जोवियाच्या बैठकीत जाऊन बसेल, वसुलीला नव्हे, काय हवं ते विचारायला. बाकी दोन न्यासांनीही हे मान्य केलं.

तरीही बुडू शकते. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको, की सांगितलं नाही.

पहिलं वर्ष काहीच परत येणार नाही. दुसऱ्यापासून थोडं थोडं, सहा वर्षांत सगळं, थोडं वाढून. त्या पहिल्या वर्षी वसतिगृह कसं चालवायचं, ते तुम्हीच ठरवा. मला त्याचं उत्तर येत नाही.

भिंतीचं काय ते नाताळात येऊन बोलते.

केमिरेम्बे

---

क्यारुबाले, २८ जानेवारी २०१८

चि. केमिरेम्बे,

गायी बऱ्या आहेत. तू नाताळात राहून गेलीस त्यानंतर घर दोन दिवस मोठं वाटत होतं.

तू असताना बैठक होऊ शकली नाही, कारण पाद्रीसाहेबांना ताप होता. ती गेल्या आठवड्यात झाली. आधी मी उभा राहून सांगितलं, की आकडे खोटे होते हे मला ठाऊक होतं आणि मी गप्प राहिलो. मग फेडेरेसी म्हणाली, "मी माझ्या पाच सांगितल्या होत्या." तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. पाद्रीसाहेब खोकले. बराच वेळ खोकले. शेवटी म्हणाले, "मी दोन. देव क्षमा करो." फेडेरेसी म्हणाली, "दोन? पाद्रीसाहेब, दोन तर तुमच्या बागेतली केळी खातात म्हणून मी रोज हाकलते!"

हसून झालं आणि मग विटांचं वाचलं. हसू गेलं. फेडेरेसीने ते पुन्हा वाचायला लावलं, दोन शिक्षकांपाशी थांबायला लावलं. दुपारपर्यंत भांडलो. शेवटी तिनेच हात वर केला. म्हणाली, "मला अजून पटलेलं नाही. पण पोरीने बुडालेलं आधी सांगितलं. दान मागायला येतात त्यांच्यातल्या एकानेही मला हे कधी सांगितलेलं नाही." तिसरा हिस्सा घालायचा ठरला. जोवियाच्या बैठकीत बसायला तिचंच नाव लागलं. अध्यक्षपद त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं नाही. फेडेरेसी म्हणाली, "घाबरलेला राखणदार बरा, तो जागा असतो."

पण तिसरा हिस्सा टाकीत अडकल्यावर पहिल्या वर्षाचं गणित आम्हाला जुळेना. तीन वेळा मांडलं. ज्या अडतीस आहेत त्यांना पुरेल. नव्यांना पुरणार नाही. अकरा अर्ज होते, ते अकराही यंदा परत करायचे. हे सांगायला पत्र पाठवू, असं शाळेचे मास्तर म्हणाले. मी म्हटलं, मी जातो. टाकीसाठी हात मी वर केला आहे, तर नाही म्हणायला पायही माझेच हवेत.

तीन दिवस फिरलो. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. एका आजोबांनी मला उलट दूध पाजलं आणि वाटेपर्यंत सोडायला आले.

शेवटचं घर टोफिस्टाचं ठेवलं होतं. ती अंगणात बाजरी पाखडत होती. ओरिशाबा दाराशी वासरू बांधत होती. मी जे दहा घरी सांगितलं तेच सांगितलं. टोफिस्टाने सूप खाली ठेवलं नाही, पाखडतच राहिली.

"यंदा नाही?"

"यंदा नाही."

"पुढच्या वर्षी?"

इतकी वर्षं मी अशा प्रश्नाला 'देव बघेल' म्हणत आलो. या वेळी म्हटलं, "माहीत नाही. बायकांची टाकी चालली तर आहे. नाही चालली तर पुढच्या वर्षीही नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही नाही."

"टाकी कोण चालवणार?"

"संध्याकाळचं दूध घालणाऱ्या बायका."

ती म्हणाली, "माझं नाव त्यांच्यात नाही. नवऱ्याने सांगितलं होतं, कागदवाली आली की आत जा."

"कागद आता नाही. फक्त माप आहे."

सूप थांबलं. बाजरी तशीच एका बाजूला राहिली. ती मुलीकडे बघत नव्हती, माझ्याकडेही बघत नव्हती.

"किती वाजता घेतात?"

"टाकी बसली की सांगेन. सूर्य मावळायच्या आत, जोवियाच्या अंगणात."

तिने मान हलवली आणि वळून म्हणाली, "ओरिशाबा, मोठी चरवी काढून ठेव. माळ्यावरची, लग्नातली."

मुलीने वासराची दोरी खुंट्याला गुंडाळली. आत जाताना ती माझ्यासमोरून गेली. केमिरेम्बे, तिला कळलं होतं. वर्षभर ती तीच चरवी वाहणार आहे, ज्या वेळात ती आपल्या वसतिगृहात कंदिलाशी पुस्तक घेऊन बसली असती. तिने मला गुडघा टेकून नमस्कार केला, रीतीप्रमाणे, आणि वर बघितलं. मी मान वळवली नाही. एवढंच मला जमलं.

मामा